सूर्यफुलाचे पोकळ दाणे, त्यावर येणारे कीटक आणि बांधावरची रानफुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्यफूल फुलोऱ्यात येतं तेव्हाच बांधावरची रानफुलंही फुललेली असतात. मधमाश्या पीक सोडून तिकडे वळतात, म्हणून ती आधीच कापून टाकावीत का? तबकात, म्हणजे फुलाच्या मधल्या चकतीत, दाणे पोकळ राहतात ते कीटक कमी पडल्यामुळेच का? आणि मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या तर बाकीच्या कीटकांची गरज उरते का?

तिन्ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. रानफुलं कापू नका. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल. पेट्या ठेवल्या तरी बाकीचे कीटक लागतात, आणि ते का लागतात हा या विषयातला सगळ्यात मजेदार भाग आहे. पण सुरुवात पोकळ दाण्यांपासून करतो, कारण परागीभवनाच्या नावावर खपवलेली बरीच दुखणी मुळात परागीभवनाची नसतात.

सूर्यफुलाचं फूल म्हणजे एक फूल नव्हे, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. शेतात उभं राहून त्याचा हिशेब मात्र फार कमी जण लावतात. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वांझ पुष्पकं. त्यांचं काम कीटकांना बोलावण्याचं. मधल्या तबकात शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत बारीक पुष्पकं असतात आणि प्रत्येकातून फार तर एक दाणा. ती सगळी एकदम उमलत नाहीत. कडेकडून आत, रोज दोन-तीन ओळींचं एक वर्तुळ उमलतं आणि अख्खं तबक उरकायला हवामानाप्रमाणे ५ ते १० दिवस जातात. पुष्पक पहिल्या दिवशी नर असतं. सकाळी परागकोशांची नळी वर येते आणि तिच्या आत वाढणारा कुक्षीवृंत, म्हणजे मादी भागाचा दांडा, पिचकारीच्या दट्ट्यासारखा पराग बाहेर ढकलतो. दुसऱ्या दिवशी त्याच पुष्पकातून कुक्षीची, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाची, दोन टोकं बाहेर येऊन उलगडतात. आता ते मादी. म्हणजे भर फुलोऱ्यातल्या तबकाकडे पाहिलं तर सगळ्यात बाहेर काम उरकून सुकलेली पुष्पकं, त्याच्या आत मादी अवस्थेतली, त्याच्या आत पराग सोडणारी आणि मध्यभागी कळ्या, अशी वर्तुळं दिसतात.

हे कळलं की पिकलेलं तबक रोजनिशीसारखं वाचता येतं. पोकळ दाणे कुठे आहेत ते पाहा. भरलेल्या दाण्यांच्या मधोमध पोकळ दाण्यांचं एक स्वच्छ कडं असेल, तर ती पुष्पकं उमलली त्या एक-दोन दिवसांत काहीतरी घडलेलं असतं: पावसाची झड, ढगाळ थंड हवा, नाहीतर कुणीतरी केलेली फवारणी. आजूबाजूच्या तबकांतही कडं साधारण त्याच काळात बसत असेल तर शंकाच नको. पोकळ दाणे सगळ्या तबकभर विखुरलेले असतील तर कीटक सुरुवातीपासूनच कमी होते, किंवा आलेले कीटक योग्य पराग आणत नव्हते. आणि फक्त मध्यभाग पोकळ असेल, कडेचे दाणे टपोरे असतील, तर मी आधी पाणी बघतो. मध्यातली पुष्पकं सगळ्यात शेवटी उमलतात आणि त्यांच्या वाट्याला झाडाचं अन्नही शेवटीच येतं. फुलोऱ्यात नि दाणे भरताना ओल तुटली, उन्हाचा तडाखा बसला, बोरॉन कमी पडलं किंवा झाडं फार दाट झाली, तर मधमाश्यांची फौज आणली तरी तो मध्यभाग भरणार नाही. बहुतेक लोक नेमका हाच मध्यभाग दाखवून मधमाश्यांना दोष देतात.

अंदाजावर समाधान नसेल तर एक साधी चाचणी करता येते. फुलोऱ्यापूर्वी सारख्या आकाराच्या कळ्या निवडून तीन गट करा. एका गटावर बारीक जाळीच्या पिशव्या बांधा, म्हणजे कीटक बसणार नाहीत. दुसरा गट तसाच मोकळा सोडा. तिसरा गटही मोकळाच ठेवा, पण फुलोरा चालू असेपर्यंत एक दिवसाआड सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून वेगवेगळ्या झाडांच्या तबकांवरून आळीपाळीने हळुवार फिरवा. काढणीला तिन्ही गटांतले भरलेले आणि पोकळ दाणे मोजा. तिसरा गट दुसऱ्यापेक्षा चांगला भरला, तर शेतात परागीभवन कमी पडतंय. दोन्ही सारखेच असतील तर कीटकांना सोडा आणि जमीन-पाण्याकडे वळा. पहिल्या आणि दुसऱ्या गटातला फरक म्हणजे कीटकांनी तुम्हाला आज फुकट दिलेलं उत्पन्न. पिशवीतल्या तबकात जवळजवळ काहीच भरलं नाही, तर तुमचं वाण स्वतःचा पराग स्वीकारत नाही. बरेच आधुनिक संकर स्वतःच्या परागावरही बऱ्यापैकी भरतात, कारण वाट पाहून थकलेली कुक्षी मागे वळत वळत स्वतःच्याच परागाला टेकते. पण अशा वाणांतही कीटकांच्या येण्याने दाण्यांची संख्या आणि तेलाचा उतारा वाढतो, असं पुष्कळ ठिकाणी दिसलेलं आहे. ‘हे वाण स्वपरागी आहे, माश्यांची काळजी नको’ हे बियाणं विकणाऱ्याचं वाक्य म्हणूनच अर्धंच खरं मानावं.

चाचणीचा निकाल काढणीनंतर लागतो. फुलोरा चालू असतानाच कळायला हवं असेल तर कुक्षींचा पट्टा बघा. पराग मिळालेली कुक्षी लवकर सुकते आणि पुष्पक मिटतं. न मिळालेली कुक्षी दिवसेंदिवस ताजी राहून वाट बघते. त्यामुळे कीटक भरपूर असलेल्या शेतात तबकावर ताज्या कुक्षींचं कडं अरुंद असतं. ते रुंद, केसाळ दिसायला लागलं तर पाहुणे कमी पडताहेत. कुठलंही उपकरण लागत नाही आणि उपाय करायला वेळही हातात असतो.

आता पाहुण्यांकडे वळू.

भेटीची वेळ म्हणजे सकाळ. त्यात सूर्यफुलाच्या तोंडाच्या दिशेचाही हात आहे. सूर्यामागे फिरतं ते कोवळं झाड. फुललेलं तबक फिरणं थांबवून पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ साली कुंड्या वळवून काही तबकं पश्चिमेकडे तोंड करून ठेवली, तेव्हा पूर्वाभिमुख तबकांवर सकाळी पाचपट कीटक आले. कारण ऊब. पूर्वेकडची तबकं लवकर तापतात, आणि पश्चिमेकडची तबकं हीटरने तापवल्यावर त्यांच्यावरही वर्दळ वाढली. कीटक मोजायचे असतील तर सकाळी, ऊन तबकावर पडल्यावर आणि पूर्वेच्या बाजूने मोजा, हा त्यातून निघणारा शेतातला धडा. दुपारी चक्कर मारून ‘माश्याच नाहीत’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यांना दिसतच नाही: पाकळ्यांचा आतला भाग अतिनील प्रकाश शोषतो आणि टोकं तो परावर्तित करतात, त्यामुळे मधमाशीला तबकाभोवती एक गडद गोल दिसतो. आपल्याला मात्र सगळं पिवळंच.

येणाऱ्यांत बहुतेक ठिकाणी संख्येने पुढे असतात त्या मधमाश्या. पेटीतली युरोपीय मेलिफेरा जवळपास सगळीकडे आहे. आशियात तिच्याबरोबर उंच झाडांना आणि कड्यांना लटकणाऱ्या मोठ्या पोळ्याची आग्या, पोकळीत घर करणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी फुलोरी आणि भिंतींच्या, खोडांच्या फटीत राहणाऱ्या डंखहीन पोयाच्या माश्या. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आग्या पहाटेपासून कामाला लागते आणि लांबून येते. फुलोरी नि पोयाच्या माश्यांना ऊन हवं आणि त्यांचा फेरा छोटा, म्हणून त्यांचं घर शेताजवळच असावं लागतं. बांधावरचं झुडूप तोडलं की त्यातलं फुलोरीचं पोळंही जातं.

त्यांच्यानंतर एकट्या राहणाऱ्या रानमाश्या. लोक यांना माश्या म्हणून ओळखतच नाहीत, कारण त्या थव्याने येत नाहीत आणि त्यांचं पोळं कधी दिसत नाही. जमिनीत बोगदा करून राहणाऱ्या बारीक, कधी हिरवट चमक असलेल्या घामटमाश्या; पानांचे गोल तुकडे कापून त्यांच्या पेशी रचणाऱ्या पानकाप्या, ज्या पराग पायांवर न घेता पोटाखालच्या केसांत भरतात आणि तबकावर पोट घासत फिरतात; निळ्या पट्ट्यांच्या गुंजन करणाऱ्या माश्या; वाळक्या लाकडात भोकं पाडणारे काळे भुंगे; थंड प्रदेशात केसाळ बंबलबी. सूर्यफुलाच्या मूळ घरी, उत्तर अमेरिकेत, तर सूर्यफुलाच्या कुळाचाच पराग गोळा करणाऱ्या माश्या आहेत. मेलिसोडिस आणि स्वास्त्रा या लांब मिशांच्या माश्या, डायाडासिया एनाव्हाटा, अँड्रिना हेलिअँथी. पीक जगभर गेलं, पण या माश्या मागेच राहिल्या. म्हणून इतर खंडांत सूर्यफुलाला स्थानिक, सगळ्या फुलांवर जाणाऱ्या कीटकांवरच भागवावं लागतं. ते कीटक येतात कुठून, तर आजूबाजूच्या रानातून. बांधाचा प्रश्न मुळात इथून सुरू होतो.

बाकीच्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सिरफिड माश्या, म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या माश्या, पराग खातात आणि थोडाफार वाहून नेतात. त्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, हा जास्तीचा फायदा. फुलपाखरं लांब सोंडेने मकरंद पितात, अंगाला पराग फारसा लागू देत नाहीत. फोटोत छान दिसतात. भुंगेरे पुष्पकंच कुरतडतात. घाटेअळीचा पतंग संध्याकाळी येतो तो अंडी घालायला. तबकावर बसलेला प्रत्येक जण परागीभवन करतो असं नाही, तेव्हा मोजताना निदान मधमाशी, रानमाशी, इतर माश्या आणि बाकीचे असे चार रकाने करा.

आता तो मजेदार भाग. एकटी मधमाशी दिसते तितकी उपयोगी नसते, कारण ती फार शिस्तीची. मकरंदासाठी आलेली माशी एका तबकावर निवांत फिरते, मग शेजारच्या तबकावर, मग त्याच ओळीत पुढे. अंगावरचा पराग बऱ्याचदा ती झाडून टाकते. संकरित बियाण्याच्या शेतात याचा फटका थेट बसतो. तिथे नर ओळी आणि मादी ओळी वेगळ्या असतात. मादी ओळीत पराग नसतोच. पराग गोळा करणाऱ्या माश्या नर ओळीत रमतात, मकरंदवाल्या मादी ओळीत, आणि इकडचं तिकडे काही जात नाही. सारा ग्रीनलीफ आणि क्लेअर क्रेमेन यांनी कॅलिफोर्नियातल्या अशा शेतांत केलेलं काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. रानमाश्या जिथे भरपूर होत्या तिथे मधमाशीच्या एका भेटीतून होणारं परागीभवन पाचपटीपर्यंत वाढलं होतं. रानमाश्यांनी स्वतः केलेलं काम त्यामानाने थोडंच होतं. त्यांचं मोठं काम म्हणजे मधमाशीला उठवणं. तबकावर दुसरी माशी येऊन धडकली की मधमाशी दचकून उडते आणि पुष्कळदा दुसऱ्या ओळीत जाऊन बसते. मधमाश्यांच्या पेट्यांवर खर्च करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: त्याच पेटीतून पाचपटीपर्यंत काम काढून घेणारी गोष्ट शेताच्या कडेला फुकट राहते.

साध्या पिकाच्या शेतात नर-मादी ओळी नसतात, म्हणून हा परिणाम एवढा ठळक नसतो. पण ज्या वाणांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो त्यांना तत्त्व तेच लागू पडतं. एकाच तबकावर चाळीस पुष्पकं चाटणाऱ्या माशीपेक्षा चार तबकांवर दहा-दहा चाटणारी माशी मोलाची.

मग रानफुलं. ‘माश्या तिकडे वळतात’ ही भीती अगदीच निराधार नाही. एकाच वेळी फुललेली दोन फुलं एकाच माशीसाठी स्पर्धा करू शकतात. पण मधमाशी कशी ठरवते ते पाहा. शोध घेणाऱ्या माश्या जिथे मकरंद सगळ्यात भरपूर आणि जवळ, तिथल्या दिशेचा नाच पोळ्यात करतात आणि बाकीच्या तिकडे जातात. सूर्यफुलाचं फुललेलं शेत म्हणजे एकाच जागी मकरंदाचा साठा. बांधावरची हातभर पट्टी त्याच्याशी काय स्पर्धा करणार? शिवाय एकेक मधमाशी एका फेरीत साधारण एकाच जातीच्या फुलांवर जाते. रानफुलांवर असलेल्या थोड्या माश्या हाकलल्या म्हणून त्या सूर्यफुलावर येतीलच असंही नाही. माश्या खरोखरच बांध पसंत करत असतील तर सूर्यफुलात मकरंद कमी आहे असं समजावं. झाडं तहानलेली असतील, नाहीतर वाण तसं असेल. वाणावाणांत मकरंदाचं प्रमाण आणि पुष्पकाच्या नळीची लांबी बरीच बदलते; नळी आखूड नि मकरंद जास्त, तिथे माश्यांची वर्दळ जास्त, हे अमेरिकेत रेचल मॅलिंजर आणि जॅरड प्रासिफ्का यांनी २०१७ मध्ये मोजून दाखवलं. अशा वेळी बांध कापण्यापेक्षा पाण्याची एक पाळी द्या, आणि पुढच्या हंगामात वाण बदलायचा विचार करा.

रानफुलांचा खरा उपयोग मात्र सूर्यफूल फुललेलं असतानाचा नाहीच. शेत फुलतं दोन-तीन आठवडे. एकट्या राहणाऱ्या मादीचं कामाचं आयुष्य काही आठवड्यांचं असतं. तेवढ्यात ती घर खणते, पेशी रचते, प्रत्येकीत पराग-मकरंदाचा गोळा ठेवून अंडं घालते आणि मरते. यंदा तिला किती अन्न मिळालं यावर पुढच्या पिढीत किती माश्या निघतील ते ठरतं. सूर्यफुलाच्या आधी आणि नंतर रान उजाड असेल तर तिचा हिशेब तिथेच संपतो. मग दोन-तीन आठवड्यांच्या मेजवानीला यायला कोणी उरत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची रानफुलं म्हणजे सूर्यफुलाच्या आधी फुलणारी, मग नंतर फुलणारी, आणि बरोबर फुलणाऱ्यांचा नंबर शेवटी. शेजारच्या पिकांनाही हे लागू आहे. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आसपास आधी मोहरीवर्गीय तेलबिया फुलून गेल्या होत्या तिथे नंतरच्या सूर्यफुलावर बंबलबी जास्त आढळल्या.

दुसरं कारण परागाच्या कसाचं. सूर्यफुलाचा पराग भरपूर असतो, पण त्यात प्रथिनं कमी आणि काही आवश्यक अमिनो आम्लंही अपुरी. सगळ्या फुलांवर जाणाऱ्या माशीचं पिल्लू फक्त त्याच्यावर वाढलं तर कुपोषित राहतं. तोंडी लावायला दुसऱ्या फुलांचा पराग हवाच. गंमत म्हणजे हाच पराग औषधीही आहे: बंबलबीच्या आतड्यात राहणारा क्रिथिडिया नावाचा परजीवी सूर्यफुलाच्या परागाने झपाट्याने कमी होतो, असं अमेरिकेतल्या प्रयोगांत २०१८ मध्ये दिसलं, आणि त्यामागे परागकणाच्या काटेरी कवचाचा हात असल्याचं पुढच्या कामातून समोर आलं. सूर्यफूल आणि रानफुलं दोन्ही जवळ असलेल्या माशीची चैन आहे म्हणायची.

तिसरं कारण घरांचं. जगातल्या बहुतेक माश्या जमिनीत घर करतात. त्यांना न नांगरलेली, थोडी उघडी, पाणी न तुंबणारी जमीन लागते, आणि ती मिळते बांधावर, पायवाटेच्या कडेला, जुन्या ढिगाऱ्यावर. पानकाप्यांना पोकळ काड्या नि जुनी भोकं, भुंग्यांना वाळकं लाकूड. एकट्या राहणाऱ्या बहुतेक माश्या घरापासून १५० ते ६०० मीटरच्या आतच फिरतात. बारीक माश्यांचा पल्ला याहूनही कमी. म्हणजे मोठ्या शेताच्या मधोमध त्या पोचतच नाहीत. ‘कडेची तबकं चांगली भरली, मधली नाहीत’ अशी तक्रार असेल तर हे अंतर तपासा. कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत ठराविक अंतरावर तबकं घेऊन भरलेल्या दाण्यांचा टक्का काढला की चढउतार लगेच दिसतो.

रानापासूनचं हे अंतर वाढलं तर शेतातलं तण काय करतं, याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या सूर्यफुलाच्या शेतांतून आलं. लुइझा कार्व्हाल्हेरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की नैसर्गिक रानापासून लांब गेलं की फुलावर येणाऱ्या कीटकांची विविधता घटते, पण शेतातच फुलणाऱ्या तणांच्या जाती जास्त असतील तिथे ही घट कमी होते, आणि कीटकांत विविधता असली की मधमाश्यांची तबकातबकांतली ये-जाही वाढते. कॅलिफोर्नियातला धागाच इथे दुसऱ्या टोकाने सापडतो. याचा अर्थ पीक तणात बुडवा असा मुळीच नाही. सूर्यफुलाच्या पहिल्या सहा आठवड्यांत तण काढलंच पाहिजे, नाहीतर कीटकांना यायला तबकच राहणार नाही. त्यानंतर पिकाची सावली पडते आणि तळाशी उगवलेली चार एकदांडीची फुलं पिकाचं काही बिघडवत नाहीत. ती उपटायला मजूर लावणं हा मला निव्वळ अपव्यय वाटतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्नियातच, हिलरी सार्डिन्यास आणि क्रेमेन यांनी मुद्दाम लावलेल्या फुलझाडांच्या कुंपणपट्ट्या असलेली आणि नसलेली सूर्यफुलाची शेतं ताडून पाहिली, तेव्हा पट्टीमुळे दाणे जास्त भरल्याचं दिसलं नाही. पट्टीवर माश्या असतात म्हणून त्या शेतात शिरतीलच असं नाही. पट्टीची फुलं वेगळ्या माश्यांची आणि पीक वेगळ्या माश्यांचं, असंही होतं. म्हणून ‘फुलांची एक ओळ लावा, उत्पन्न वाढवा’ असं मी कुणाला सांगत नाही. सूर्यफुलाच्या कुळातली आणि उघड्या, चपट्या फुलांची झाडं ठेवा, कारण त्यांच्यावर येणारे कीटक सूर्यफुलावरही येतात. खोल नळीची शोभेची फुलं लावून आखूड जिभेच्या माश्यांना काही मिळत नाही.

आणि तो अपवाद: गाजरगवत. तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं, त्यावरही कीटक येतात, पण सूर्यफुलाजवळ ते नको. कर्नाटकात १९९७ मध्ये सूर्यफुलावर करपून झाडं मरण्याचा एक रोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला. त्यामागचा टोबॅको स्ट्रीक विषाणू गाजरगवतात लक्षणं न दाखवता राहतो. गवताच्या परागात विषाणू असतो, पराग फुलकिड्यांच्या अंगावर चढतो, आणि फुलकिड्यांनी सूर्यफुलाचं पान खरवडलं की त्या जखमेतून विषाणू आत जातो. फुलकिड्यांना मारत बसण्यापेक्षा गाजरगवत फुलण्याआधी उपटणं हा उपाय जास्त टिकाऊ. ‘सगळं तण चांगलं’ आणि ‘सगळं तण वाईट’ या दोन्ही टोकांना शेतात सारखीच किंमत मोजावी लागते. बांध साफ करायचा तर हातात विळा घेऊन, झाड ओळखून करा. तणनाशकाचा पंप ओळखत काही नाही.

सूर्यफुलाने रानफुलांचं काय होतं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पीक फुललं की सगळे कीटक तिकडे खेचले जातात आणि त्याच वेळी फुलणाऱ्या शेजारच्या रानझाडांना बी धरायला कीटक कमी पडू शकतात. आले तरी अंगावर सूर्यफुलाचा पराग लादून येतात, जो त्या झाडाला निरुपयोगी. उलट पिकाच्या गर्दीमुळे कडेच्या फुलांना चार भेटी जास्त मिळाल्याचंही दिसतं. कुठलं होईल हे अंतरावर आणि फुलाच्या आकारावर ठरतं. दुर्मीळ रानझाडं असलेल्या जागेला लागून सूर्यफुलाचे प्रचंड सलग पट्टे टाळावेत, एवढं मात्र म्हणेन. आणि जिथे रानटी सूर्यफूल उगवतं तिथे माश्या पिकाचा पराग त्याच्यावर आणि त्याचा पिकावर बिनदिक्कत नेतात. बियाण्याच्या शेतासाठी विलगीकरणाचं अंतर राखायचं ते याचसाठी.

पेट्यांचं थोडक्यात. साध्या पिकाला हेक्टरी २ ते ५ सशक्त वसाहती पुरेशा धरतात. बियाण्याच्या शेताला जास्त. पेट्या फुलोऱ्याच्या आधी आणू नका, माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांची सवय लावून घेतात. साधारण ५ ते १० टक्के तबकं उमलली की आणा, एकाच कोपऱ्यात रचून न ठेवता गट करून पसरा, जवळ स्वच्छ पाणी ठेवा. गरजेपेक्षा जास्त पेट्या ओतल्या तर रानमाश्यांच्या वाट्याचं अन्न संपतं आणि फुलांवरून रोगही इकडून तिकडे जातात. म्हणजे ज्यांच्यामुळे तुमच्या मधमाश्या नीट काम करतात त्यांनाच तुम्ही हुसकावता.

फवारणीवर मात्र मी अडून बसतो. फुलोऱ्यात कीटकनाशक नको. घाटेअळीसाठी लक्ष ठेवायचं ते कळी अवस्थेत. अळ्या लहान असताना एचएएनपीव्ही हा घाटेअळीला मारणारा विषाणू किंवा बीटी हे जिवाणूपासूनचं औषध फवारलं तर माश्यांना त्रास होत नाही. तरीही फुलोऱ्यात वेळ आलीच तर सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर, सकाळपर्यंत विरणारं औषध, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप. बियाण्याला चोळलेलं औषधही विसरू नका. निओनिकोटिनॉइड गटातली औषधं झाडात मुरून मकरंद नि परागापर्यंत पोचतात. फ्रान्समध्ये मधमाश्यापालकांनी ओरड केल्यावर १९९९ मध्ये सूर्यफुलाच्या बियाण्यावरचा याच गटातल्या इमिडाक्लोप्रिडचा वापर थांबवण्यात आला. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. बांधावर फुलं राखायची आणि त्यांच्यावरच औषधाचे तुषार उडू द्यायचे, याला काही अर्थ नाही; वारा बांधाकडे असेल त्या संध्याकाळी पंप घरीच ठेवा.

बांध कापायचाच असेल तर सूर्यफुलाचा फुलोरा संपल्यावर, आणि तोही अर्धाच कापा. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी. वाळक्या काड्या उभ्या राहू द्या, त्यांच्या पोकळीत पानकाप्यांच्या अळ्या असतात. जमिनीत बारीक भोकं आणि भोवती मातीची चूर दिसली तर तिथे नांगर घालू नका. मुंग्यांची वारुळं समजून लोक त्यात औषध ओततात. खात्री करायची असेल तर सकाळी पाच मिनिटं थांबून बघा, भोकातून मुंग्यांची रांग निघते की पायांवर पिवळा पराग घेऊन एखादी माशी आत शिरते.